मावशीने सोडलेली पुडी

आई गेली त्याला दीड वर्ष होत आलं. हे लिहायला मी याआधी चार वेळा बसले आणि प्रत्येक वेळी पहिल्या परिच्छेदापाशी उठून दुसरंच काही करत राहिले. एकदा गॅसची शेगडी घासली. एकदा चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा काढला. एकदा तर चपला घालून शिळफाट्यापर्यंत चालत गेले आणि काहीही न घेता परत आले. बसून राहणं मला तेव्हापासून जमत नाही. लिहायचं आहे ते फार नाही. आई कशाने गेली, आणि तिच्यामागोमाग निघालेली मावशी कशी थांबली, एवढंच.

मी खोपोलीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नववीला संप्रेरकांचा भाग असतो. प्रयोगशाळेत त्याचा एक जुना तक्ता आहे. त्यावर माणसाची बाह्यरेषा आहे, चेहरा नाही. डोक्यात वाटाण्याएवढी पियूषिका, गळ्याशी अवटू ग्रंथी, आणि दोन मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्या ठेवाव्यात तशा दोन अधिवृक्क ग्रंथी. या ग्रंथींना नळी नसते, त्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात, हे वाक्य मी इतक्या वर्गांना सांगितलं आहे की ते म्हणताना मी खिडकीबाहेर बघत असते. मुलांना रस असतो तो फक्त आवाज फुटणं आणि मिशा येणं यात. अधिवृक्क ग्रंथीवर एका गुणाचा प्रश्न येतो. संकटकाळी शरीराला सज्ज करणारी ग्रंथी कोणती? या उत्तरापुढे मी किती वेळा बरोबरची खूण केली असेल, सांगता येणार नाही.

वडील गेल्यावर आई खालापूरकडचं गाव सोडून माझ्याकडे राहायला आली. तिचं आयुष्य चिखलात वाकून गेलं होतं. भातलावणीच्या बाईचे गुडघे आणि कंबर साठीच्या आधीच संपतात. माझ्या पहिल्या मजल्यावरच्या घराचे सतरा पायऱ्या ती बसत बसत चढायची आणि वर आली की भिंतीला टेकून म्हणायची, "तुझ्या घराचं दार आभाळात हाय गं, बाय."

पुडीचा शोध मावशीने लावला. मावशी आईची धाकटी बहीण, कर्जत तालुक्यात कळंबजवळ दिलेली. तिच्या गावातून महिन्यातून एकदा एक टेंपो भरून बायका एका पुडीवाल्याकडे जायच्या. तो गुडघेदुखीवर जडीबुटीची पुडी देत असे. कागदाच्या घडीत विटकरी रंगाची पूड, सुंठीचा वास. सकाळी मधातून घ्यायची. मावशीने आईला नेलं. आठव्या दिवशी आई बाजारातून एका हातात भाजीची पिशवी घेऊन वर आली, कुठेही न टेकता. दार उघडणाऱ्या माझ्याकडे बघून ती लहान मुलीसारखी हसली होती.

मग तो दोघींचा नेमच झाला. त्या दिवसाला त्या 'पुडीचा दिवस' म्हणत. आई सकाळी आंघोळ करून चांगलं लुगडं नेसायची आणि कर्जतला जायची. मावशी तिथे टेंपोत जागा धरून बसलेली असे. परतताना दोघी कर्जतला वडापाव खायच्या आणि स्टँडवर बसून तासभर बोलायच्या. लग्नानंतर चाळीस वर्षांत दोघींना इतकं भेटायला कधी मिळालं नव्हतं. आई घरी यायची ती मावशीच्या सुनेच्या, शेजारणीच्या आणि टेंपोतल्या बायकांच्या गोष्टींनी भरून. "टेंपोत बारा बाया नि चोवीस गुडघे," ती म्हणायची. "खड्डा आला की सगळ्याच देवाचं नाव घेतात."

अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं हे मी वाचलं होतं. मला शंका होती. पण आई चालत होती, हसत होती. माझ्यामागचा एक घोर कमी झाला होता. मी तीन वर्षं गप्प बसले.

त्या तीन वर्षांत आईचा चेहरा भरत गेला. गोल झाला, गाल वर आले. समोरच्या वहिनी म्हणायच्या, "लेकीच्या हातचं मानवलं हो तुम्हाला." मला ते ऐकायला आवडायचं. हातपाय मात्र बारीक होत होते, साखर वाढली होती, आणि दंडावर कुठेही जरा लागलं की जांभळे डाग पडत. मी तक्त्यासमोर उभी राहून तोंडपाठ धडा शिकवत होते आणि घरी येऊन आईच्या गोल चेहऱ्याकडे कौतुकाने बघत होते.

एके दिवशी बांगडी काढताना तिच्या मनगटाची कातडी कागदासारखी फाटली. रक्त पुसता पुसता माझा तोल गेला. इतकी वर्षं न बोललेलं सगळं मी एका दमात बोलले. ती पूड विष आहे, तो माणूस लुच्चा आहे, आजपासून एक पुडी घ्यायची नाही. डब्यातल्या उरलेल्या पुड्या मी तिच्यादेखत मोरीत ओतल्या. विटकरी पाणी वाहून गेलं.

आई एवढंच म्हणाली, "तू शिकलेली. तू म्हणतेस तर नाय घेत."

भांडली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिला गळून गेल्यासारखं वाटू लागलं. सांधे पुन्हा धरले, जेवण नको झालं. मी म्हटलं, सवय सुटताना त्रास होणारच, चहा सोडला की डोकं दुखतं तसं. दहाव्या दिवशी ताप आला. घरोघर तापाची साथ होती. उलट्या सुरू झाल्या, मी लिंबूसरबत दिलं. अकराव्या दिवशी दुपारी ती मोरीच्या दाराशी खाली बसली आणि तिला उठता येईना. मी रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आजींना कुठली औषधं चालू आहेत?"

मी म्हटलं, "साखरेची गोळी."

"आणखी काही? दुखण्यावर वगैरे?"

"नाही."

हे इथे लिहिताना माझा हात थांबतो. मी विसरले नव्हते. शेजारी परिचारिका उभी होती, तिची मुलगी माझ्या वर्गात होती. विज्ञानाच्या बाईंची आई भोंदूच्या पुड्या खाते हे माझ्या तोंडातून निघेना. शिवाय पुडी तर बंद झाली होती. बंद केलेलं औषध कशाला सांगायचं, अशी मी स्वतःची समजूतही घातली. त्या दोन अक्षरी उत्तराला एक श्वासही लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा रक्तदाब सलाइन लावूनही वर येईना. डॉक्टरांनी तिची चादर बाजूला केली, दंडावरचे डाग पाहिले, मानेमागचा उंचवटा पाहिला, चेहरा पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, नीट आठवून सांगा. या स्टेरॉइड घेत होत्या का?"

तेव्हा मी सांगितलं. त्यांनी पुढचं काहीही न विचारता इंजेक्शन मागवलं. ते शिरेतून गेलं. दुपारी बाराच्या सुमाराला आई गेली.

डॉक्टरांनी मला नंतर बाकावर बसवून समजावलं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की डोक्यातली पियूषिका हुकूम पाठवायची थांबते. हुकूम नाही म्हणून अधिवृक्क ग्रंथी काम थांबवतात, आक्रसतात, झोपी जातात. बाहेरचा पुरवठा एकदम तोडला तर त्या तेवढ्याच एकदम उठत नाहीत. कधी कधी महिने लागतात. त्या मधल्या काळात साधा ताप आला तरी शरीराकडे त्याला तोंड द्यायला काही नसतं. "गोळी हळूहळू उतरवावी लागते," ते म्हणाले. "एकदम सोडायची नसते."

मी विचारलं, "काल सांगितलं असतं तर?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

हे तीन शब्द घेऊन मी घरी आले.

त्यानंतरचे दिवस मी एका जागी बसले नाही. बायका भेटायला येत, मी पाणी द्यायला उठायची, पुन्हा उठायची. उजाडायच्या आधी जाग यायची तीच छाती धडधडत. तोंड कोरडं, तळहात ओले. मला त्याचं कारण माहीत होतं, नववीच्या पुस्तकात चार ओळींत दिलेलं आहे. माझ्या दोन ग्रंथी काही संकट समोर नसताना रात्रंदिवस ओतत होत्या. ज्या बाईला त्यातला थेंबभर पुरला असता ती गेली होती.

येणारी प्रत्येक बाई विचारायची, कशानं गेल्या? मी सांगायची, पुडीनं. तीन वर्षं खात होती, पुडीनं पोखरलं. ते खोटं नव्हतं. पण ज्यात माझा हात होता तेवढा भाग मी दर वेळी गाळत होते. दहा-बारा दिवसांत मी ते इतकं सफाईने सांगायला लागले की मलाच ते पुरेसं वाटू लागलं. दिवसांसाठी माझ्याकडे राहिलेली मावशी भिंतीशी बसून ऐकत असायची. ती रडत नव्हती. टेंपोत आपणच आक्काला पहिल्यांदा बसवलं, हे ती मनात उगाळत असणार, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने जवळचं कुणी एखादी वस्तू सोडतं. कुणी वर्षभर, कुणी जन्मभर. वडील गेले तेव्हा आईने फणस सोडला होता आणि पुढे कधी तोंडात घातला नाही. सोडलेलं परत घ्यायचं नसतं. ते गेलेल्याच्या ताटातून काढून घेतल्यासारखं होतं, असं मानतात. तेराव्याला मावशीने हातावर पाणी सोडलं आणि ओठातल्या ओठात काही म्हणाली. मी शेगडीवरच्या पातेल्याकडे होते. वडापाव सोडला असेल, असं मला वाटलं.

आठ दिवसांनी, मधल्या सुटीत, मावसभावाचा फोन आला. तो त्यांच्या गावाजवळच्या एका रिसॉर्टवर माळीकाम करतो.

"ताई, आई उठत नाय गं."

"कधीपासून?"

"झाले चार-पाच दिवस. उभी केली की चक्कर येते. खाल्लेलं ठरत नाय. सांधे तर असे धरलेत, हात लावू देत नाय."

"ताप?"

"अंग कोमट हाय."

"औषध काय देताय?"

"औषध कसलं? तिनं पुडीपण सोडली ना. मावशीच्या नावानं, तेराव्यालाच." आणि मग अगदी सहज, दोष न देता, "तूच म्हणलीस ना ताई, पुडीनं खाल्लं मावशीला."

हातातला खडू मी कुठे ठेवला मला आठवत नाही. मुख्याध्यापिकांना काय सांगितलं तेही आठवत नाही. रिक्षात बसल्यावर मी त्याच डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, यावेळी क्रमाने, काहीही न गाळता. ते म्हणाले, तोंडाने दिलेलं टिकणार नाही, घरी वेळ घालवू नका, कर्जतला दवाखान्यात घेऊन जा, इंजेक्शन लागेल. तिथल्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवतो.

कर्जतला रिक्षा बदलली. मुरबाड रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना रिसॉर्टांचे फलक येत राहिले, निळ्या पाण्याचे, हसऱ्या कुटुंबांचे. मी मनात दिवस मोजत होते. आईला अकरा लागले होते. मावशीचे आठ झाले होते. वाटेत एका वळणावर म्हशी आडव्या आल्या. रिक्षावाला शांतपणे हॉर्न वाजवत बसला आणि मी खाली उतरून त्यांना हाकलायला लागले. "बाई, बसा ओ," तो म्हणाला, "म्हशींना तुमची घाई कळत नाय."

मावशी ओटीवर गोधडीत होती. चेहरा तसाच गोल, आईसारखा, फक्त उतरलेला आणि पांढरा. मला पाहून म्हणाली, "शाळा नाय का गं आज, बाय? कुणी मेलं का?"

"मावशी, चल. कर्जतला दवाखान्यात जायचं आहे. रिक्षा उभी आहे."

"सांधे धरलेत. त्याला काय दवाखाना."

"सांध्यांचं नाही हे. पुडी एकदम सोडल्यामुळे झालंय. तिथे त्यातलंच औषध देतील, सुईतून."

तिने तोंड भिंतीकडे केलं. "मग तर नायच. आक्काच्या नावानं सोडलीय मी."

मावसभाऊ म्हणाला, "आई, ताई एवढी सांगतेय—"

"तू गप रं. तुझ्या ताईनंच सांगितलं, पुडी वाईट. आता तीच सांगते घे. शिकलेल्या माणसाचं बरं असतं. दोन्ही बाजूंनी बोलता येतं." दमल्यामुळे ती थांबली. मग हळू म्हणाली, "मीच नेली होती तिला. माझ्यामुळं खाल्ली तिनं. मला काय व्हायचं ते होऊ दे. मी तिच्या ताटातलं नाय घेणार."

मी ग्रंथींचं सांगायला सुरुवात केली. पियूषिका, हुकूम, झोप. माझा वर्गातला आवाज मलाच ऐकू येत होता. ती ऐकत नव्हती. तिच्या कपाळावर गार घाम होता, तिचा श्वास वरचेवर होता, आणि दाराबाहेर रिक्षाचं इंजिन चालू होतं. तिला ग्रंथी कळल्या असत्या तरी ती उठली नसती. आपल्यामुळे बहीण गेली आणि त्याची भरपाई आपण करतोय, एवढंच तिच्यापाशी होतं. ते तिच्याकडून काढून घेतल्याशिवाय ती उठणार नव्हती, आणि ते काढून घ्यायचं तर मला स्वतःला तिथे ठेवावं लागणार होतं.

मी म्हटलं, "मावशी, आई पुडीने गेली नाही. पुडी बंद केल्याने गेली. ती मी बंद केली."

तिने मान वळवली.

"मी ओरडले तिच्यावर. पुड्या मोरीत ओतल्या. आठवडाभर ती आजारी होती, मी लिंबूसरबत देत बसले. आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय औषधं चालू आहेत, तेव्हा मी पुडीचं नाव घेतलं नाही. मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर उशीर झाला होता."

मावसभाऊ दारातून अंगणात गेला. मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे आईच्या डोळ्यांसारखे नाहीत, लहान आणि तिखट आहेत.

"एक दिवस?" तिने विचारलं.

"एक दिवस."

"नि माझ्यासमोर बसून तेरा दिवस सांगत होतीस, पुडीनं गेली?"

"हो."

तिने हाताच्या कोपरावर उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "मला धर रं," तिने लेकाला हाक मारली. मी पुढे झाले तर म्हणाली, "तू नको. तू पुढं हो, मास्तरीण. आणि तिथं विचारलं की सगळं सांग. नायतर तुझ्या मावशीची पण लाज वाटेल तुला."

कर्जतच्या दवाखान्यात मी डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगितलं. पुडी, किती वर्षं, कधी सोडली. आवाज चढला होता बहुतेक, कारण रांगेतल्या बायका वळून बघत होत्या. त्यातली एक शेजारणीला म्हणाली, "पुडी? आपली विटकरी?" इंजेक्शन आणि सलाइन गेलं. दोन-तीन तासांत मावशीच्या गालावर रंग आला. संध्याकाळी तिने चहा मागितला आणि तो पाणचट आहे म्हणून शिव्या दिल्या. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.

त्यानंतरचं सगळं फार हळू झालं, आणि हळू होणं हेच त्यावरचं औषध होतं. डॉक्टरांनी पुडीच्या जागी मोजून गोळी दिली. काही आठवड्यांनी तिच्यातला थोडा भाग कमी करायचा, मग वाट बघायची, मग आणखी थोडा. सकाळी आठ वाजता रक्त तपासून बघायचं की ग्रंथी स्वतःहून काही करते आहे का. ताप आला, पडली, दात काढायचा असला तर गोळी वाढवायची. उलटी होऊन पोटात टिकत नसली तर थेट दवाखाना. एका कार्डावर हे लिहून मावशीच्या चंचीत ठेवलं, सुपारीबरोबर.

दर रविवारी मी कळंबला जाऊ लागले. सुरीने गोळीचे तुकडे करायचे आणि आठवड्याचे आठवड्याला डबीत घालायचे. मावशी माझ्याशी कामापुरतं बोलायची. 'बाय' म्हणायची ती बंद झाली, 'मास्तरीण' म्हणू लागली. पुडीवाल्याविरुद्ध मी अर्ज केला. त्याने बसायची जागा बदलली. टेंपो अजून जातो असं ऐकते, दुसऱ्या रस्त्याने. एका रविवारी मी तुकडा जरा लहान कापला तर मावशी म्हणाली, "पुन्हा घाई?" फरक मोठा नव्हता, पण दिवसभर मला तो तुकडा डोळ्यांपुढे दिसत राहिला.

आठव्या महिन्यात रक्ताच्या तपासणीचा निकाल आला. ग्रंथी थोडी जागी झाली होती, पूर्ण नाही. मी मावशीला सांगितलं. "इतके दिवस काय करते ती?" तिने विचारलं. मी म्हटलं, उठते आहे. "माझी सून पण अशीच उठते," ती म्हणाली. त्या दिवशी ती थोडं जास्त बोलली.

गेल्या पावसाळ्यात, भात निसवत असताना, मी शाळेत होते तेव्हा तिचा फोन आला. तिने स्वतः केलेला पहिला फोन.

"ताप हाय मला. सकाळपासून. कार्डावर लिहिलंय तशा दोन घेतल्या. उलटी नाय. तू येऊ नको, पोरांना शिकव."

मी गेले. रस्ताभर पुन्हा तीच धडधड, तेच ओले तळहात. पोचले तेव्हा ओटीवर चार बायका बसल्या होत्या, टेंपोतल्या, आणि मावशी गोधडी पांघरून मधोमध, पेजेची वाटी हातात. माझ्याकडे तिने पाहिलं आणि बोलणं थांबवलं नाही.

"एकदम सोडायची नाय गं," ती सांगत होती. "डॉक्टरकडं जायचं, त्याला सांगायचं, मी पुडी खाते. लाजायचं नाय. आत एक ग्रंथी असते. बाहेरून पुडी आली की ती झोपते. कशी? घरात सून आली की सासू उठायची बंद होते ना, तशी. चार वर्षं सून चूल पेटवते. आणि एक दिवस तू सुनेला हात धरून माहेरी पाठवलीस, तर सासू लगेच उठून चूल पेटवेल का? तिचे हातपाय तरी वळतील का? सुनेला आठ दिवस पाठव, परत आण. मग पंधरा दिवस पाठव. तोवर म्हातारी कुरकुरत उठायला लागते."

"नि त्या मधेच पावणे आले तर?" एकीने विचारलं.

"ताप म्हणजेच पावणे. तेव्हा सुनेला बोलवून घ्यायची. मी आज घेतली ना, दोन." ती वाटीतली पेज प्यायली.

इतक्या वर्षांत माझ्या नववीला असं काही सांगता आलं नव्हतं. मी दाराशी उभी राहून पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढत होते.

सगळ्यांत थोराड होती ती बाई म्हणाली, "मग तुझी आक्का कशानं गेली? ती पण पुडीच खायची ना?"

मावशीने वाटी खाली ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं, पुरेसा वेळ पाहिलं. मी नजर काढली नाही. तिला हवं ते तिने सांगावं, असं मी मनाशी म्हटलं.

"आक्का?" मावशी म्हणाली. "तिला हे सांगणारं कुणी नव्हतं."

मग तिने पदर मागे करून दंड माझ्यापुढे धरला. मी खाली बसून त्याला पट्टा गुंडाळला आणि हवा भरू लागले.